भित्र्या मनूताई

मनूताई गुप्ते कुत्र्याला भ्यायच्या. गाईला भ्यायच्या. नाल्यावर टाकलेल्या फळीला, आभाळात चमकणाऱ्या विजेला आणि सरकारी शिक्क्याच्या पाकिटालाही भ्यायच्या. त्यातलं काहीच त्या लपवायच्या नाहीत. "सुधा, मला भीती वाटतेय, तू पुढे हो," असं सरळ म्हणायच्या. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या आणि मी तेवीस वर्षांची. दुप्पट वयाच्या बाईने आपल्या पदराआड उभं राहावं, याची पहिल्या दिवशी मला गंमत वाटली होती. पुढे वाटली नाही, कारण त्या पुढच्या आठ-नऊ महिन्यांत मीही तेवढीच घाबरलेली होते. फरक इतकाच, की मी कोणाला सांगत नव्हते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. देशभर घरोघर जाऊन एक सरकारी पाहणी चालली होती. घरात माणसं किती, बाईचं लग्न कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती, ती कुठे आणि कोणाच्या हातून झाली, मुलं किती जगली, जी गेली ती किती दिवसांची होऊन गेली, अशी ती लांबलचक प्रश्नावली होती. बायकांना हे बायकांनीच विचारायचं, म्हणून आम्हा काही जणींना घेतलं होतं. ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंतचा भाग आमच्याकडे होता. जोडीने जायचं, एकीने विचारायचं, दुसरीने लिहायचं. मनूताईंच्या तळहातांना सारखा घाम यायचा आणि त्या घामाने शाई पसरायची. म्हणून त्या विचारायच्या आणि मी लिहायचे.

कामावर घेतानाच आमच्या सुपरवायझरनी बजावलं होतं की तुम्ही विचारायचं आणि लिहायचं. सल्ला द्यायचा नाही, औषध सांगायचं नाही, कोणाच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही. मनूताईंनी हे ऐकून मोठा सुस्कारा सोडला होता. त्यांना तेच हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. त्या पूर्वी मुंबईच्या एका प्रसूतिगृहात नर्स होत्या आणि ती नोकरी त्यांनी आपण होऊन सोडली होती, एवढंच मला माहीत होतं. का सोडली ते विचारलं की त्या छत्री उघडायच्या, ऊन असो वा नसो.

फिकट पाचवारी, कोपरापर्यंत बाह्यांचं पांढरं पोलकं, हातात पुरुषी छत्री आणि मुठीत चुरगाळलेला रुमाल. कुठल्याही दारात त्या आधी उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. आतून कोणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांचा घाबरलेला चेहरा पाहून बायकांना उलट धीर यायचा. घरच्या बायका स्वतःच पाट पुढे सरकवायच्या, पाणी आणायच्या. इतर जोड्यांना दारातून परत पाठवणारी घरं आम्हाला आत घ्यायची, ती या चेहऱ्यामुळे.

"मुलं किती गेली?" हा छापील प्रश्न त्यांनी कधीच छापल्यासारखा विचारला नाही. त्या सुरुवात करायच्या, "पहिल्या खेपेला माहेरी गेलात की इथेच?" मग दुसरी खेप, मग तिसरी. अशी एकेक खेप पुढे सरकली की गेलेलं मूल आपल्या ओळीने यायचं. ते आलं की मनूताई थांबायच्या. "दूध ओढत होतं का? अंग निळं पडलं होतं की पिवळं?" एवढंच विचारायच्या. देवाची इच्छा वगैरे कधी म्हणायच्या नाहीत. नौपाड्यात एका हेडक्लार्कच्या बायकोने तीन मुलं सांगितली, तिन्ही शाळेत जाणारी. माझं लिहून झालं, मी कागद गुंडाळले, तरी मनूताई उठेनात. पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिल्या. मग ती बाई म्हणाली की अजून दोन होती. सासरी त्यांचं नाव काढत नाहीत, आणि ती कशाने गेली हे आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. तिथून बाहेर पडल्यावर मनूताई रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती.

मी हे सगळं लिहीत होते आणि मला दिवस गेले होते. ह्यांची नोकरी त्या वर्षी सुटली होती, आणि गरोदर बाईला घरोघर फिरवायचं नाही असा आमच्या कार्यालयाचा दंडक होता. म्हणून मी गप्प होते. पण दररोज चार-पाच घरं व्हायची आणि प्रत्येक घरात कोणाची तरी बहीण, जाऊ, सवत बाळंतपणात गेलेली असायची. कोणी मूल आडवं आल्यामुळे, कोणी वार न पडल्यामुळे, कोणी सातव्या दिवशी तापाने. मी ते रकान्यांत भरायचे आणि डोंबिवलीला घरी आल्यावर तांदूळ निवडताना तेच कानात वाजत राहायचं. तेव्हा आमच्या बाजूला घरंही विरळ होती, डॉक्टर एकच, तोही स्टेशनच्या पलीकडे. वेळ आली तर काय, हा विचार आला की माझे हात थांबायचे.

मनूताईंना मी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी ठाण्याच्या तलावाकाठी डबा खाताना त्यांनी सहज माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ दाबून ठेवला आणि उचलून पाहिलं.

"खड्डा पडत नाही. चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "चौथा ना?"

मी रडायला लागले. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. त्यानंतर दर शनिवारी डबा संपला की त्या माझा पाय पाहायच्या. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारायच्या. विचारताना त्यांचाच आवाज कापायचा, त्यामुळे मला धीर येण्याऐवजी आणखी भीती वाटायची. तरी मी शनिवारची वाट पाहायचे.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात आम्ही गेलो ते माझ्या पाचव्या महिन्यात. पाहणीसाठी निवडलेल्या घरांच्या दारांवर आमच्याआधी माणसं येऊन गेरूने आकडे टाकून गेली होती. त्या आकड्यांनी घात केला. आकडा पडलेल्या घरातलं मूल सरकार उचलून नेणार, बायांना सुई टोचून पुढची मुलं बंद करणार, अशी बोलवा उठली होती. पुरुष होड्या घेऊन गेलेले, आणि आम्ही पहिल्या घरापाशी पोचेपर्यंत तीस-चाळीस बायका जमल्या. एकीच्या हातात मासे कापायचा कोयता होता. ती तो आमच्यावर उगारत नव्हती, काम करता करता तशीच उठून आली होती. पण माझी नजर त्यावरून हलेना. परत जायची वाट त्यांनी अडवली होती. मी मनूताईंचा दंड धरला.

एक म्हातारी पुढे आली. सगळ्या तिला जानकीआय म्हणत होत्या.

"आमची पोरा कशाला मोजतेस गो?" तिने विचारलं.

मनूताईंनी सांगायचा प्रयत्न केला. कुठे मुलं जास्त दगावतात ते कळलं तर तिथे दवाखाना काढता येईल, सुईण देता येईल, असं काहीसं. आवाज इतका बारीक निघत होता की मागच्यांना ऐकूच जाईना. कोणी तरी माझ्या हातातले कागद ओढले. त्यातले दोन चिखलात पडले.

जानकीआयने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तुला कती झाली?" ती मनूताईंना म्हणाली. "ता सांग पयले. मग आमाला इचार."

मनूताईंनी रुमालाने तोंड पुसलं. मला वाटलं आता या कोसळणार.

"एक झाला," त्या म्हणाल्या. "मुलगा. आठ दिवस होता."

"काय झाला त्याला?"

"जबडा आवळला. दूध ओढेना. सुईणीने नाळ विळ्याने कापली होती. मला तेव्हा काही कळत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते."

"मंग?"

"मग वर्षाने नवरा गेला. मग मी बाळंतपणं करायला शिकले."

वाट अडवून उभ्या असलेल्या बायका हलल्या नाहीत, पण कोयतेवाली खाली बसली. मग जानकीआयने वळून आपल्या सुनेला चटई टाकायला सांगितलं आणि म्हणाली, "माजी नव झाली. ल्ही." त्या दुपारी आम्ही कोळीवाड्यातली सगळी आकडेवाली घरं पुरी केली. त्या पानांवरचं अक्षर पाहून सुपरवायझरनी मला विचारलंही होतं, की होडीत बसून लिहिलंत का.

परतताना स्टेशनपाशी आल्यावर मनूताई म्हणाल्या, "तुझ्या वेळी कात्री उकळलेली आहे का, हे मी स्वतः पाहीन."

शहाडला गेलो तेव्हा मला सातवा लागला होता आणि पदर पुढे घेऊन, सैल पोलकं घालूनही भागत नव्हतं. तिथे नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या आसपास घाटावरून आलेल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. एका खोलीत सासू आणि सून होत्या. मुलगा पाळीवर गेला होता. सून एकोणीस वर्षांची, नाव सुमन, नववा संपत आलेला. सासूच उत्तरं देत होती, हौशी होती, कौतुकाने बोलत होती. सुमन भिंतीला टेकून बसली होती आणि डोळे मिटून घेत होती.

मनूताई मध्येच विचारायच्या थांबल्या. "डोकं दुखतं का गं?"

सासू म्हणाली, दोन दिवस दुखतंय, सुंठ उगाळून लावलीय. मनूताई पुढे सरकल्या. सुमनच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. पिठाच्या गोळ्यात पडावा तसा तो पडला आणि तसाच राहिला. मी तो पाहिला आणि माझ्या पोटात बाळ हललं.

मनूताई उठून बाहेर आल्या. मीही आले. त्या पत्र्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"चल इथून," त्या म्हणाल्या. "आपल्याला सल्ला द्यायचा नाहीये. चल."

आम्ही दहा-वीस पावलं गेलो असू. मग त्या थांबल्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं. प्रसूतिगृहात अशीच एक होती. असेच पाय, असंच डोकं. दुपारची वेळ. डॉक्टर जेवून झोपलेले असायचे आणि उठवलं की सगळ्यांसमोर ओरडायचे. मनूताईंना त्या ओरड्याची भीती वाटायची. त्या चार वाजेपर्यंत थांबल्या. चार वाजता डॉक्टर आले तोवर त्या बाईला तीन झटके येऊन गेले होते.

"मी चार वाजेपर्यंत थांबले, सुधा," त्या म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

मी दारातच उभी राहिले. आत काय चाललंय ते मला सगळं ऐकू येत होतं. मनूताई सांगत होत्या की हिला आत्ताच्या आत्ता कल्याणला दवाखान्यात न्यायला हवं. सासू म्हणत होती, मुलगा संध्याकाळी येईल, त्याला विचारल्याशिवाय कशी पाठवू. पहिलंच आहे, घरातच होऊ दे. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, या मोजणाऱ्या बायांनी काही तरी केलं असेल. मनूताई उंबऱ्यात बसल्या आणि हिला घेतल्याशिवाय मी उठणार नाही म्हणाल्या.

शेवटी सुमनच भिंत धरून उभी राहिली. "मला न्या," ती म्हणाली. "डोळ्यांम्होरं काजवं दिसत्यात. मला न्या."

मग सासूनेच गाठोडं बांधलं आणि ती बरोबर आली.

टांगा मिळायला वेळ गेला. रस्ता खडीचा होता. अर्ध्या वाटेत सुमनची मान मागे गेली, दात मिटले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. सासूने किंकाळी फोडली. मनूताईंनी तिला कुशीवर वळवलं, पदराचा बोळा करून दातांत सारला आणि मला पाय धरायला सांगितलं. मी ते सुजलेले पाय धरले. माझ्या हातांत ते उडत होते. सुमनसाठी मी देवाचं नाव घेत नव्हते. माझं असं होऊ देऊ नको, माझं असं होऊ देऊ नको, एवढंच माझ्या मनात चाललं होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मनूताई मात्र टांगेवाल्याला शांतपणे रस्ता सांगत होत्या, सुमनच्या तोंडातला फेस पुसत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हाताला घाम होता की नाही, ते मी पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं. बाळ पोटातच गेलं होतं. सुमन दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं आणि ती वाचली.

पण सुमनच्या नवऱ्याला जे दिसलं ते वेगळं होतं. मोजणाऱ्या बाया घरात आल्या, त्यांनी त्याच्या बायकोला हात लावला, जबरदस्तीने टांग्यात घातली आणि त्याचा मुलगा गेला. त्याने कोणाकडून तरी तक्रार लिहून घेतली आणि ती वरपर्यंत पोचली. आमचे सुपरवायझर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मनूताईंना सुचवलं की घरच्यांनीच मदत मागितली असं लिहा, मी निभावून नेतो. मनूताईंनी लिहिलं की घरच्यांचा विरोध होता, तरी मी नेली, आणि पुन्हा असं दिसलं तर पुन्हा नेईन. लिहिताना कागदावर चार ठिकाणी शाई पसरली होती.

माझाही जबाब घेतला. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मी उभी राहिले तर पोट दिसेल, म्हणून मी आधीच खुर्चीत जाऊन बसले होते. त्यांनी विचारलं, घरच्यांना गुप्तेबाईंनी धोका नीट समजावून सांगितला होता का? ती बाई स्वतः यायला तयार होती का? मी म्हणाले, मी बाहेर उभी होते, मला काही ऐकू आलं नाही.

ही नोकरी गेली तर घरात काहीच येणार नव्हतं, हे खरं आहे. मी घाबरले होते, हेही खरं आहे. पण सुमनचं "मला न्या" मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते मी त्या खोलीत सांगितलं नाही.

मनूताईंना कामावरून कमी केलं. मी काय सांगितलं ते त्यांना कळलं होतं, कारण कागद त्यांना वाचून दाखवले होते. पुढच्या शनिवारी त्या येणार नाहीत, असं मी धरून चालले होते. त्या आल्या. डोंबिवलीला आमच्या घरापर्यंत, दुपारच्या उन्हात चालत. रस्त्यात कुत्री होती, असं म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा पाय ओढून घेतला.

"तुला आता नोकरी हवी होती," अंगठा दाबून धरत त्या म्हणाल्या. "ते मला समजतं. पण मला वाईट वाटलं, तेही तुला माहीत असू दे."

एवढंच. त्याबद्दल पुढे कधी त्या बोलल्या नाहीत. माझी मुलगी कल्याणच्या त्याच दवाखान्यात झाली. आत जाताना मी त्यांचा हात सोडत नव्हते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना कात्रीबद्दल विचारलं, त्या हसून "हो" म्हणाल्या, तरी मनूताईंनी आत डोकावून पाहिलंच. मुलगी रडल्याचा आवाज आला तेव्हा बाहेरच्या बाकावर त्या एकट्याच होत्या. हे बाजारात गेले होते. मला नंतर आयाने सांगितलं की तुमची ती बाई बाकावर बसून कानांत बोटं घालून होती. आवाज आला तो तिला ऐकूच गेला नाही, जाऊन सांगावं लागलं.

मुलगी तीन महिन्यांची असताना निरोप आला की मनूताईंना मुरबाडच्या पुढे एका खेड्यातल्या प्रसूतिकेंद्रावर नेमणूक मिळाली आहे. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे दिवस त्याच. मी मुलीला घेऊन कल्याणच्या एस.टी. स्टँडवर गेले. त्या जबाबाबद्दल काय बोलायचं ते मी येताना मनाशी जुळवून ठेवलं होतं.

गाडी लागलेली होती. दारात मनूताई कंडक्टरशी भांडत होत्या. त्यांच्या हातात नवी कोरी चामड्याची बॅग होती, आणि कंडक्टर म्हणत होता की बॅग टपावर टाका, आत जागा नाही. मनूताईंचा चेहरा नेहमीसारखाच उतरलेला होता, आवाज बारीक होता. पण बॅग त्या सोडत नव्हत्या.

"यात बाळंतपणाचं सामान आहे," त्या म्हणाल्या. "उकळून बांधलंय. हे टपावर जाणार नाही. माझ्या मांडीवर राहील."

कंडक्टरने डोकं खाजवलं, आत पाहिलं आणि एका म्हाताऱ्याला सरकायला सांगितलं. मनूताई चढल्या. त्यांनी मला पाहिलं, मुलीकडे पाहून मान हलवली. मी गर्दीतून खिडकीपाशी पोचेपर्यंत घंटी झाली. मी त्यांना हाक मारली, पण गाडी सुरू झाली होती आणि त्यांनी एका हाताने समोरचा दांडा घट्ट धरला होता, दुसऱ्याने बॅग पोटाशी आवळली होती, आणि त्या समोर पाहत होत्या.

मुरबाडचा रस्ता तेव्हा कच्चाच होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत धुळीतून त्यांचं पांढरं पोलकं दिसत होतं.